पुढच्या गाडीचा मान

प्रिय कंजूषदादा,

रागावू नकोस, गॅरेजमध्ये अजूनही सगळे तुझी आठवण याच नावाने काढतात. आपल्या दोघांच्या शर्यतीच्या गाड्या सारख्या, टायरही तेच, तरी तू एकाच टायरवर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या काढायचास. मी उधळी. सुरुवातीलाच रबर जाळून मोकळी व्हायचे आणि मग गाडीतल्या रेडिओवर संघापुढे रडगाणं. तू मात्र सराव संपला की माझ्या टायरवर हात फिरवून दाखवायचास, नेमक्या कुठल्या वळणावर मी घाई केली ते. इतकं मला कुणीच शिकवलं नाही. आता घरी बसून वहिनीला गॅस कसा वाचवायचा ते शिकवत असशील, बिचारी.

शेवटच्या शर्यतीबद्दल लिहायचंय. पुढच्या वर्षी संघात आपल्यापैकी एकालाच जागा होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तू पुढे, मी तुझ्या मागेच, आणि पाऊस आला. टायर बदलणारी तुकडी एकच, म्हणून पहिला मान पुढच्या गाडीचा, मागचीने थांबायचं. माझे टायर इतके गुळगुळीत झाले होते की आणखी एक फेरी निघाली नसती, आणि तुझ्यामागे थांबले असते तर चार-पाच गाड्या सहज पुढे गेल्या असत्या. तेवढ्यात रेडिओवर कळलं, तू टायर बदलायला आत येतच नाहीयेस. अजून एक फेरी ओढतो म्हणालास, भर पावसात, कोरड्या रस्त्याच्या टायरवर! मी तिसरी आले. तू त्याच फेरीत घसरून पार मागे गेलास. नंतर माझी पाठ थोपटून म्हणालास, हिशेब चुकला गं माझा.

टायरच्या बाबतीत तुझा हिशेब कधी चुकलाय, दादा? मला तिथेच सगळं कळलं, पण आभार मानायचे राहून गेले. आज मानते, अगदी मनापासून. ही जागा तू मला दिलीस.

आज सकाळी बॉसने करार पुढे केला. मी एक अट घातली आणि त्यांनी ती मानली: पुढच्या वर्षी माझ्या टायरचे निर्णय तू घ्यायचेस, रेडिओवर मला आवाज तुझाच हवा. ते तुला फोन करणार होते, मीच थांबवलं. गाडीत न बसता पुन्हा त्या गॅरेजमध्ये पाय ठेवणं तुला जड जाईल, हे मला कळतं. तरी ये. सही मी अजून केलेली नाही.

तुझीच,
उधळी