जन्मभराचा चहा

प्रिय ढापण्या,

सप्रेम नमस्कार. मोतीबिंदू काढल्यावर तुझा चष्मा सुटला असं कळलं, पण नाव काही बदलून मिळणार नाही. वहिनींची कंबर कशी आहे? माझा खोकला आता बरा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या भानगडीचं मूळ तोच.

आपण साबणाच्या कारखान्यातल्या बॉयलरवरून निवृत्त झालो तेव्हा थोरल्या मालकांनी हात जोडून सांगितलं होतं, कॅन्टीनमधला चारचा चहा तुम्हाला जन्मभर. किती हरखलो होतो आपण! आणखी काय मिळणार, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आमच्या सूनबाई (चौथी नोकरी, मागची सोडली, कारण तिथे मन रमत नव्हतं. आपलं रमतंय का, हे कधी कुणी विचारलं होतं का रे?) मुलाखतीतच विचारतात, निवृत्तीनंतर काय देणार? काम कमी आणि हक्क जास्त, असं मी तिला चांगलं सुनावलं आणि लगबगीने निघालो, कारण चार वाजत आले होते आणि माझा हक्काचा चहा निवत होता.

खोकल्यामुळे पंधरवडाभर गेलो नव्हतो. कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी बसलो, कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. बॉयलरचा आवाजच नाही! आपण उभ्या जन्मात एकच धडा गिरवला: तो फुसफुसतोय तोवर निवांत जेवा, गप्प झाला की पळा. मी पळालो. (गुडघे नंतर आठवले.) धोक्याची घंटा अशी बडवली की पॅकिंगच्या मुलींपासून मॅनेजरपर्यंत सगळा कारखाना आवारात. मग एक इंजिनीअर पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, बॉयलर नवीन बसवलाय. तो आवाज करत नाही."

कुठे तोंड लपवू असं झालं. पोरं मात्र खूश, एकाने तर "आजोबा, उद्यापण या हं!" म्हणून हात हलवला. आपल्या वेळी काम असं खोळंबलं असतं तर आपण हळहळलो असतो (तू नाही, तू पत्ते काढले असतेस). त्या पोरीने मला मागे नेऊन आपला जुना बॉयलर दाखवला. आडवा पडलाय, थंडगार. मी त्याच्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तसा हात ठेवता आलाच नव्हता, भाजायचं ना. ढापण्या, मला रडूच आलं. "काका, याच्यापाशी जन्म काढलात आणि मिळाला फक्त चहा?" ती म्हणाली. राग यायला हवा होता. आला नाही.

वर मॅनेजरने बजावलं, निवृत्तांच्या टेबलाशी तुम्ही एकटेच उरलात. दुसरं कुणी येणार असेल तर सांगा, नाहीतर एक तारखेपासून तिथे पाण्याचं मशीन.

असो. तू लेकाकडे सुखात आहेस, तुला कशाला घोर. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा,
भोंगा

ता. क. तू येतोयस असं मॅनेजरला सांगून टाकलंय. माडीवरची खोली तुम्हा दोघांसाठी सूनबाईंनी स्वतः झाडून ठेवली. त्यासाठी सुट्टी घेतली. (मी काही बोललो नाही.)

आणखी एक. चहाला अजून साबणाचाच वास येतो. मी रोज खिडकीतल्या कुंडीत ओततो. तेव्हा चहासाठी येऊ नकोस. पण ये.