लाल ठिपका

३ मार्च
मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झालो. बिनविरोध. (दुसरं कोणी उभंच नव्हतं, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोध.) संकल्प : मासळी वाचवायची. खाडीच्या तोंडाशी मासे अंडी घालतात, म्हणून तिथे तीन महिने मासेमारी बंद. जो जाळं टाकेल त्याची होडी पंधरा दिवस धक्क्याला बांधून. नियम मीच लिहिला. भाषा कडक जमली आहे.

९ मार्च
सगळ्या होड्यांना ट्रॅकर बसवले. ऑफिसात मोठी स्क्रीन. एकेक होडी म्हणजे एकेक ठिपका. थोरली ताई (तिची होडी स्वतःची, तोंडही स्वतःचं) म्हणाली, माणसांवर विश्वास नाही का रे तुझा? म्हटलं, ताई, जमाना टेक्नॉलॉजीचा आहे. माझा ठिपका मुद्दाम लाल ठेवला. चेअरमन लांबून ओळखू यायला हवा.

१४ मार्च
फिशफाइंडर घेतला. पाण्याखालचा मासा यंत्रावर दिसतो. पकडण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. बायकोला नीट समजावलं. ती ‘बरं’ म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये हल्ली फार अर्थ असतो.

१९ मार्च, सकाळी ७
आठवडाभर बाहेर काही गावलं नाही. मुद्दा तो नाही. खाडीच्या तोंडाशी तपासणीला जाणं हे चेअरमनचं कर्तव्यच आहे.

सकाळी ९
यंत्रावर मासाच मासा! नियम यशस्वी. नमुना म्हणून एकदाच जाळं टाकतो. शास्त्राला नमुना लागतो.

दुपारी १
नमुना चार टोपल्या भरला. बायकोने कापायला घेतला. एकेक मासा गाभोळीने गच्च. ती अंड्यांनी भरलेली परात माझ्यासमोर ठेवून हात धुवायला गेली. जेवण गेलं नाही. ऊन फार होतं.

२० मार्च
ऑफिसात तातडीची सभा. वाटलं, अभिनंदनाची. काल सगळी सोसायटी चहा पीत लाल ठिपका बघत बसली होती म्हणे. ताईने माझा नियम मोठ्याने वाचला. भाषा खरंच कडक आहे. मी म्हटलं, तपासणी चालू होती. ताई म्हणाली, हो ना, आणि तूच सापडलास. होडी पंधरा दिवस बांधून. नोटिशीवर चेअरमनची सही लागते. केली.

२१ मार्च, सकाळी ८
सुट्टी सत्कारणी लावायची. संकल्प : रोज धक्क्यावर उभं राहून मच्छीमारांना मार्गदर्शन. आवरून, इस्त्रीचा शर्ट घालून पोचलो.
सगळे समुद्रावर गेले होते.