कोंड कोणाची?

३ मे १९६१
चाकरमानी यायला लागले. आज गाडीतून उतरल्या उतरल्या पोरांची धाव थेट नदीच्या कोंडीवर, खोल डोहावर. गेल्या मेमध्ये शेजारच्या मंजूचा बाळू तिथेच बुडाला. सरपंचांना म्हटलं, खोल पाण्यावर आडवी दोरी बांधा, एक पोहणारा राखणीला ठेवा. म्हणतात, "बाई, कोंड देवचाराची. पंचायतीची न्हय." राखण्या भुताची म्हणे! कपाळ माझं!

५ मे
पंचायतीची सभा. सभासद असून चहा झाल्यावर बोलायला मिळालं. सरपंच: बाळूच्या वेळी देवचाराचा मान चुकलो, यंदा कोंबो देऊया. सगळ्या माना डोलल्या. म्हणजे पोर गेलं त्याला देवचार जबाबदार, आणि हे मोकळे! अंगाचा नुसता तिळपापड. घरी येऊन भांडी आपटली.

६ मे
गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या भिकू घाडींना गाठलं. त्यांची मुंबईची नातवंडं सकाळपासून कोंडीतच. म्हटलं, गाऱ्हाण्यात माझं एक वाक्य घाला. "बाय, देवाक फसवूचा नाय हां." देवाला कोण फसवतंय? त्यांनी हाक मारून नातवंडांना काठाशी बोलावलं. मग "बरा" म्हणाले.

८ मे
जिंकले!! देवचाराला कोंबडा द्यायला कोंडीवर सगळा गाव. भिकूंनी सूर लावला, "बा देवा म्हाराजा, पोराटोरांक सुखी ठेव!"
"व्हय म्हाराजा!"
"पीडा आसात ती दूर कर!"
"व्हय म्हाराजा!"
"पंचायतीन हय दोरी बांधूची, राखणदार ठेवूचो, वायट झाला तर जाब सरपंचान देवचो!"
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यात मोठा आवाज सरपंचांचा. सवयीने! मग तोंड उघडंच राहिलं. देवासमोर दिलेला शब्द, फिरवतात कसा? बायका पदराआड हसत होत्या. मंजू रडली. मीही.

१२ मे
बांधली दोरी! चांगली जाड, काथ्याची. राखणीला दाजी, जाळं फेकून मासे पागणारा. पोरं दोरीच्या अलीकडेच डुंबतात. मंजू काठावर येऊन बसली, बाळू गेल्यापासून पहिल्यांदा.
संध्याकाळी सरपंच दारात. "दाजी मेपुरतोच. पावसात कोण बुडालो तर लोक माझ्या दारात येतले!"
"येणारच. सगळ्यांच्या पुढे मी असेन."
ओट्यावर बसले. चहा नको म्हणाले.
"मगे... पावसाचा काय करूया, बाई?"
मला तरी कुठे ठाऊक? पण विचारलं त्यांनी!