वेलीला माझं नाव

३ मार्च
एवढी वर्षं हर्बेरियममध्ये कागदांवर वाळकी झाडं चिकटवली, आज पांग फिटले. पावसाळी जंगलातल्या एका रानवेलीचं शीट हाती आलं. पानं नखाएवढी, खोडाला खवल्यांसारखी चिकटलेली. अशी वेल पुस्तकात नाही. म्हणजे नवी जात! महिनाअखेरीस रिटायर होण्याआधी पेपर लिहायचा. उद्यापासून रोज पहाटे उठणार.

५ मार्च
पहाटे उठले नाही. मोठ्या शोधाआधी झोप पूर्ण हवी.
नव्या जातीला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. ज्युनिअरला सहलेखिका केलं की ती सुचवेलच. मी दोनदा ‘नको गं’ म्हणेन. तिसऱ्यांदा गप्प बसेन.

९ मार्च
ज्युनिअर म्हणाली, मॅडम, ज्याने जंगलातून तुमची वेल आणली, त्यानेच त्याच दिवशी त्याच झाडावरून आणखी एक वेल आणली आहे. हातभर पानांची, ओळखीतली. दोन्ही शेजारी ठेवून बघू या का? मी म्हटलं, जंगल आहे बाई, गर्दी असायचीच. हल्लीच्या मुलींना कल्पनाशक्ती म्हणून नाही.

१२ मार्च
ह्यांना दोन्ही वेलींचे फोटो दाखवले. म्हणाले, अगं, तुझा शाळेतला दोन वेण्यांचा फोटो बघून आज तुला कोण ओळखेल?
कॉन्व्हेंटमधला तो फोटो. रिबिनी सिस्टरांनी स्वतः बांधल्या होत्या. हात किती मऊ होते त्यांचे. डोळे भरून आले. मूळ विषय राहूनच गेला. तसंही, जन्मभर बँकेत बसलेल्या माणसाला वेलीतलं काय विचारायचं!

१८ मार्च
शीटवर ‘नवी जात’ अशी चिठ्ठी लावली, खाली झोकात सही. साहेबांना सांगितलं. निरोप समारंभातच जाहीर करू म्हणाले. मग जाता जाता विचारलं, नक्की ना? हेवा, दुसरं काय.
नावाचं काय सुचतंय, असं ज्युनिअरला सहज विचारलं. म्हणाली, मॅडम, आधी एकदा जंगलात जाऊन येऊ.

२४ मार्च
जंगल. जळवा. कपाटात होतं तेव्हा किती शिस्तीत होतं.
एका बुंध्याशी माझी वेल सापडली! ज्युनिअरने दुर्बीण दिली. खाली नखाएवढी पानं, वर तळव्याएवढी, आणखी वर हातभर. मध्ये कुठेतरी दुसरी वेल सुरू होत असणार, म्हणून मान अवघडेपर्यंत शोधलं. नव्हती. ज्युनिअरने मानेला लावायला बाम दिला. पोरगी तशी गुणी आहे.

२९ मार्च
साहेबांना खरं काय ते सांगितलं. म्हणाले, असं कसं मॅडम, मी पाहुण्यांना कळवूनही बसलो!
चूक झाली तरी शीटवरची जुनी चिठ्ठी काढायची नाही, शेजारी नवी लावायची, हा हर्बेरियमचा नियम. मोडणाऱ्यांना मीच झापत आले. नवी लावली: ‘जुनीच वेल, लहान वयातली.’ खाली पुन्हा सही. एका शीटवर माझं नाव दोनदा.
ज्युनिअर म्हणाली, मॅडम, ही शीटं शेकडो वर्षं टिकतात.
धीर द्यायचा होता बिचारीला.