पायलचा गणिताचा पेपर

प्रिय आई,

जयभीम. माझी तब्येत ठीक आहे, डबा वेळेवर येतो. तुझा गुडघा आता कसा आहे?

पॉलिटेक्निकसाठी तुझ्याकडे राहायला येणार होती ती पायल येणार नाही. दहावीला गणितात नापास झाली. आमच्या शाळेत वर्षभर गणिताचे शिक्षक नव्हते. मी मराठीचा माणूस. आदल्या दिवशी स्वतः शिकायचो आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवायचो. बोर्डाच्या परीक्षेत मात्र मी देखरेखीला होतो त्या वर्गात कुणाला उत्तरं सांगू दिली नाहीत.

आता दिवाळीनंतर तिचे आईवडील तिला ऊसतोडीला नेणार आहेत. तिला पुन्हा परीक्षेला बसवा, हे सांगायला काल त्यांच्या तांड्यावर गेलो.

तिची आई मथुराबाई म्हणाली, "बाकीच्या शाळेत तं सांगून राह्यले होते, सर. तुमीच काहून नाई सांगतलं?"

"ती फसवणूक झाली असती, बाई."

"मंग हे काय झालं?"

पायल चहा घेऊन आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी शिकवलं तसंच लिवलं होतं, सर."

आई, उत्तर लिहिशील तेव्हा मी बरोबर वागलो, एवढं मात्र लिहू नकोस.

तुझा,
इंद्रजित