तीन सेल

सेंत-एल्म्यर, ११ फेब्रुवारी, दुपारचे चार

नॉर्मां भावोजी,

फावडं पिशवीत गेलं, लांब सळई जात नाही. म्हणून सगळी पिशवी पुन्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी केली आहे आणि शेजारीच बसून लिहिते आहे. तुमची कंबर बरी असेल. फोनच्या तारा कालपासून पडल्या आहेत. सकाळी ग्रासियें रस्त्याचा बर्फ उपसत तुमच्याकडून इथवर येईल, परत जाताना हे नेईल.

रेजां काल सकाळी डोंगरावर गेला, एकटाच. अजून आलेला नाही.

तीन वर्षं तुम्ही आमच्या दारात आला नाहीत, तरी तुमचे बर्फजोडे त्याने खिळ्यावरून हलवले नाहीत. मी म्हटलं होतं, "देऊन टाकू कुणाला." तर म्हणाला, "राहू दे. येईल थेरडा नाक घासत."

डोंगरातल्या झोपडीच्या वरच्या उताराचा बर्फ सुटून खाली आला आहे. आज पोलिसांचं पथक त्या ढिगावर, गाडलेल्या माणसाच्या बीकनचा आवाज पकडणारी यंत्रं घेऊन फिरलं. त्यांची प्रमुख दारातूनच म्हणाली, "युगेतताई, एक आवाज नाही. बीकन छातीवर होतं ना?"

"होतं. चालू करूनच गेला."

"मग तो खाली नाही. पलीकडच्या खोऱ्यात उतरला असेल. सूप गरम ठेवा, शिव्या तयार ठेवा."

ते सगळे पलीकडे गेले. आज मुक्काम तिकडेच.

मी दोघांचं बांधते आहे. खारवलेलं डुकराचं मांस, पाव, मेणबत्त्या, कोरडे मोजे. तुमच्यासाठी थांबणार नाही, उजाडलं की निघेन. तुम्ही मागोमाग या. सळया असतील तेवढ्या आणा. यंत्रात वेळ घालवू नका. झाडांच्या बुंध्यांपासून टोचत जायचं. बुंध्याशी पोकळी राहते, माणूस तगतो, हे तुम्हीच सांगितलं होतं.

यंत्र का नको, ते लिहायचं राहिलं आहे.

रविवारी वीज गेली. मला रेडिओवर हवामान ऐकायचं होतं. त्याच्या बीकनमधले तीन नवे सेल काढून रेडिओत घातले आणि कपाळाच्या दिव्यातले जुने लिथियमचे बीकनमध्ये. त्याच्या पडद्यावर नव्व्याण्णव टक्के आलं. लिथियमचे सेल शेवटपर्यंत भरलेलेच दिसतात आणि मग एकदम मरतात. दुकानदाराने मला हे दोनदा सांगितलं होतं. काल निघताना रेजांने आकडा मला दाखवला. "बघ, नवंकोरं." मी पाव कापत होते. हो म्हणाले.

तेव्हा आवाज नाही याचा अर्थ काहीच नाही. त्या बाईला मी हे सांगितलं नाही. "तो खाली नाही" हे शब्द मला अजून थोडा वेळ हवे होते.

अजून त्याची बायको,
युगेत

१२ फेब्रुवारी, सकाळी सात

मी जोडे बांधत होते तेवढ्यात ग्रासियेंची गाडी आली आणि तिच्यातून तुम्ही उतरलात. कुणी कळवलं, ते विचारलं नाही. आता तुम्ही पिशवी पाठीवर घेतली आहे, यंत्र गळ्यात अडकवलं आहे आणि बाहेरून मला हाका मारता आहात. तोंडाने सांगायला जमत नाही. हे तुमच्या हातात देते आहे. उभ्याने वाचा.