भोंगा झाला म्हणून मी जेवायला बसले

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर

चि. गुरुलिंगास थोरल्या गौरक्काचा आशीर्वाद. तुझी साखर, तुझ्या बायकोचे गुडघे आन् बार्शीच्या दुकानातले उंदीर, समदे ताब्यात असतील असं धरून चालते. आमी हितं उन्हानं भाजून निघालोय, पण जित्ते हाओत. फोन करत न्हाई, कारण फोनवर तू मधी बोलतोस.

तुला ठावंच हाय, मला हिमालयात देवदर्शनाला न्हाई, नातीला परत आणायला धाडलं व्हतं. (ऋतुजा बापाला ऐकंना. आमच्या रेवणसिद्धाला स्वतःच्या लेकीशी बोलायचं झालं की आई आठवती.) माळशिरसचं स्थळ तूच आणलेलं, पोरगा बागायतदार, बायको घरात पायजे. आन् ही पोरगी तिकडं डोंगरावरच्या बर्फाच्या तळ्याची राखण करत बसलेली. मला वाटलं, तळं काय कुणी चोरून न्हेतंय व्हय!

रस्ता म्हंजे एका अंगाला भिंत आन् दुसऱ्या अंगाला काहीच न्हाई. खाली बघावं तर ढग. (आपल्याकडं वर बघूनबी दिसत न्हाईत.) उन्हात पाठ भाजती, सावलीत पाय टाकला की दात वाजत्यात, एकाच अंगणात उन्हाळा आन् हिवाळा शेजारी नांदतात. ऋतुजा म्हनली, "आज्जी, आपला काळा दगड म्हातारा. हा डोंगर पोरगा हाय, अजून वाढतोय." वाढत्या पोरागतच आदळआपट करतो त्यो. दरड पडली की रस्ता बंद. लोकं गाडीतनं उतरून गुमान च्या पित्यात, कुणी शिवीसुदिक देत न्हाई. मीच दिली, पण तितं कुणाला कळली न्हाई, वाया गेली.

एक दिवस ती कामावर गेल्यावर मी वढ्यात उतरले. आभाळ धुतल्यागत निळं, पात्र रुंद, पाणी करंगळीएवढं. आपण सीनेच्या पात्रात काकड्या लावतो, मग तितं चादर वाळत घातली तर काय बिघडलं? तेवढ्यात भोंगा झाला. गुरुलिंगा, तुझ्यामाझ्या हाडात गिरणीचा भोंगा मुरलेला. त्यो वाजला की बाबा ताटावर, आई चुलीपुढं. मीबी पदराला हात पुसले, दगडावर कडक भाकरी आन् शेंगाची चटणी काढली. म्हनलं, हितंबी गिरणी हाय, बरं हाय की. गावातली माणसं पोरंबाळं, गुरं घेऊन वर पळत निघाली. मला वाटलं, गिरणीची पाळी सुटली.

भोंगा दाबून ऋतुजा खाली पळत आली. "आज्जे, भोंगा ऐकू आला न्हाई व्हय?" म्हनलं, "आला की, म्हणून तर बसले!" तिनं मला दंडाला धरून असं फरफटत वर वढलं, माझ्या सासूचीबी कधी तेवढी टाप झाली नव्हती.

मग पाणी आलं. पाणी म्हनायचं म्हणून म्हनते. ते काळं व्हतं आन् उभं व्हतं. आधी वास आला, नांगरलेल्या रानाचा. मग तळपायाखाली भुई घरघरली. खोलीएवढे धोंडे एकमेकांवर आदळत गेले, देवदाराचं झाड उभंच्या उभं चालत गेलं. वर आभाळ निळंच, एक थेंब न्हाई! लांब वरती बर्फाचा कडा ऋतुजाच्या त्या तळ्यात कोसळला व्हता, आन् तळं फुटून खाली आलं व्हतं. मी बसले व्हते ती जागा बोटानं दाखवायलाबी उरली न्हाई. कुणाला नमस्कार करायचा तर मी आधी माणूस पारखून घेते, पण तितं माझे हात आपोआप जुळले. देवाला का डोंगराला, इचारू नको, मला ठावं न्हाई.

गाव समदं वर, एकबी जीव गेला न्हाई. तिथली एक म्हातारी ऋतुजाच्या तोंडावरनं हात फिरवून रडली. (मी न्हाई. मी चादर कुटं दिसती का बघत व्हते.)

बाकी क्षेम. बायकोला गुडघे शेकायला सांग.

तुझी,
गौरक्का

ता. क. ऋतुजाला मी आणलं न्हाई. ती तितंच ऱ्हाणार. माळशिरसला जाऊन नकार सांगून ये. पोरीत खोट काढू नको, त्यांच्या पोरातबी काढू नको. म्हातारी आडवी आली म्हणून सांग.

आणखी ता. क. रेवणसिद्धाला मी कालच सांगून बसलेय, की तुझ्या मामानं जाऊन नकार कळवलाबी. तवा हे वाचून झालं असंल तर चपला घाल.